त्याच जागी

पहिल्यांदा दिसला तेव्हा रुपयाएवढा होता,
डाव्या मनगटावर, घड्याळाचा पट्टा बसतो तिथं.
कडेला तांबूस, मध्ये वांग्याच्या सालीसारखा.
"पट्ट्यानं झालंय," सुरगोंडा म्हणाला
आणि घड्याळ काढून खुंटीला लावलं.
पंधरा दिवसांत चट्टा विझला,
जागेवर राखेचा रंग तेवढा राहिला.

दुसऱ्यांदा पुन्हा तिथंच.
बोटभर इकडं नाही, तिकडं नाही.
घड्याळ तर खुंटीलाच होतं.

तिसऱ्या खेपेला खालच्या ओठावरही उठला,
तेव्हा गल्लीला विषय मिळाला.
उद्यमनगरात भट्टीपुढं उभं राहणाऱ्याचा
ओठ काळा पडायला धूर पुरेसा आहे,
पण एकाच बाजूचा?
मावळण म्हणाली, "उतारा वलांडला आसंल,
रातपाळीवनं येताना बघून चालत न्हाई त्यो."
शेजारच्या अक्काताई काहीच बोलल्या नाहीत.
नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.
ते बघणं मी रात्रभर उसवत बसले.

आणखी एक होता.
तो त्यानं लाईट न लावता सांगितला.
मी पिकोचं मशीन थांबवलं नाही,
पाय चालवतच विचारलं,
"कुणाकडं गेलतास?"
"कुठं न्हाई गं."
साडीची कड तिरकी गेली. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बोललं.

सीपीआरमध्ये मंगळवारी चामडीचा विभाग.
बाकावर दोन तास, मधे एका माणसाची जागा सोडून बसलो,
तो कडेला, मी कडेला.
डॉक्टरीण पोरगेली होती.
तिनं आधी अंगठ्यानं तो चट्टा दाबून बघितला.
सात महिन्यांत त्याला तिथं कुणी हात लावला नव्हता.
मीही नाही.
"गोळी कुठली घेता?"
"मी? एकबी न्हाई. आजारीच पडत न्हाई मी."
आणि मला एकदम आठवलं: पोट.
पोट बिघडलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं
पट्टी कापून चार गोळ्या आणायच्या, चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही.
त्याला तो औषधात धरतच नव्हता,
जसं चहाला कुणी जेवणात धरत नाही.

पिशवीत माझी ऑर्डरीची वही होती.
साड्यांच्या तारखांवरनं मागं मागं गेले.
मेव्हण्याच्या सुपारीचं जेवण.
जोतिबाच्या खेट्यांना गेलो तो रविवार.
खंडेनवमीला फौंड्रीत मशीनं पुजली, त्या रात्रीचं मटण.
दर वेळी पोट, दर वेळी चार गोळ्या,
आणि तिसऱ्या खेपेला
पहिली गोळी गिळून अर्ध्या तासात ओठाची आग.

"ती जागा वाट बघत बसलेली असते," डॉक्टरीण म्हणाली,
"गोळी आली की उठते. पुढं पुढं जागा वाढतात.
हे लागणारं नाही. कुणाकडनं आलेलंही नाही."
शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं बघून म्हटलं.
मग कार्डावर लाल शाईनं गोळीचं नाव लिहिलं,
माझ्या वितीएवढं लांब.

मेडिकलवाल्याला कार्ड दाखवलं.
तो म्हणाला, "बरं, मग दुसऱ्या कंपनीची देऊ?"
आता सुरगोंडा गोळी घ्यायच्या आधी
पट्टी उलटी करतो. सातवी शिकलेला माणूस,
मागची बारीक इंग्रजी अक्षरं
एकेक बोटाखाली धरून कार्डाशी ताडून बघतो,
साच्याचं माप घ्यावं तसं.
मागं गिऱ्हाईकं खोळंबतात. खोळंबू देत.

ओठ निवळला. मनगटावर राखेचा गोल आहे,
त्यावर मी कधी कधी अंगठा ठेवते.
तो काही विचारत नाही. मीही सांगत नाही.

घड्याळ अजून खुंटीलाच आहे, सव्वाचारला बंद पडलेलं.
सेल घालून त्याला द्यायला हवं.
त्याचा तर काहीच दोष नव्हता.